बीटी वांगं: लोकांना विचारलं, पण कधी?

रानवाट (धागालेखक)
जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने तयार केलेल्या बीटी वांग्याला (अळीला मारणारं जीवाणूचं जनुक घातलेलं वांगं) जीईएसी या जनुक बदललेली पिकं तपासणाऱ्या केंद्रीय समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी मंजुरी दिली. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात आपलं नागपूरही होतं. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी वांगं थांबवलं, ते अजून थांबलेलंच आहे.

लोकांना विचारलं ते योग्यच. पण हे वरातीमागून घोडं झालं. वाण तयार, चाचण्या उरकलेल्या, कंपनीचा पैसा गुंतलेला. मग माणूस 'पाहिजे' नाहीतर 'नको' एवढंच म्हणणार. अळीने किती माल जातो, दरवर्षी बी विकत घेणं परवडेल का, हे संशोधन सुरू करतानाच विचारायला हवं होतं. धारवाड आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठांनी हेच जनुक सरळ वाणांतही आणलं होतं, त्याचं बी घरी राखता आलं असतं. सुनावण्यांच्या गदारोळात तेही अडकलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

प्रमेय
साफ असहमत. वांगं खायला सुरक्षित आहे की नाही, हे सभेत हात वर करून ठरत नाही. त्यासाठीच तज्ज्ञ समिती असते. उद्या लशींसाठीही सुनावण्या घेणार का?

रानवाट
प्रमेय, तज्ज्ञांत तरी एकमत कुठे होतं? शास्त्रज्ञ पुष्प भार्गवांना सर्वोच्च न्यायालयानेच जीईएसीवर निरीक्षक म्हणून नेमलं होतं, आणि त्यांचा विरोध होता.

ओवी
आणि चाचण्यांचे आकडे तरी सुखासुखी मिळाले का? माहिती अधिकाराचा अर्ज झाला, कोर्टकज्जा झाला, तेव्हा कुठे ते बाहेर आले. पानं झाकून ठेवायची आणि वर 'लोकांना विज्ञान कळत नाही' म्हणायचं, याची मला चीड येते. माझ्या ताटात येणारं वांगं आहे, मला विचारलंच पाहिजे.

काळी माती
ओवीताई, ताटाचंच बोलू. आमचं दीड एकर वांगं असायचं. दुपारी शेंड्याने मान टाकली की समजायचं, आत अळी आहे. फळावर टाचणीएवढं भोक, चिरलं की आत सगळी काळी घाण. अळी एकदा आत शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तोडणीच्या आदल्या दिवशीही फवारणारे आहेत. तेच वांगं तुमच्या ताटात येतं. त्याची सुनावणी कोणी घेतली?

बांगलादेशाने २०१३ ला बीटी वांग्याला परवानगी दिली, पुढच्या वर्षी रोपं शेतात. इकडे २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने तणनाशक फवारलं तरी न मरणारा, जनुक बदललेला विनापरवाना कापूस उघडपणे लावला. विचारायचं नाही आणि अडवायचं, तर माणूस असंच करणार.

प्रमेय
काळी माती, तुमचं पटतं. पण मग तुम्हीही मंजुरीच्याच बाजूचे झालात!

काळी माती
मंजुरी हवीच, पण बियाण्याच्या भावात आणि चाचणीच्या प्लॉटवरही आमचा माणूस हवा.

रानवाट
२३ जुलै २०२४ ला जीएम (जनुक बदललेल्या) मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, पण शेतकरी आणि राज्यांशी बोलून राष्ट्रीय धोरण करा, यावर दोघंही एक होते. ते धोरण तरी वेळेवर विचारून व्हावं.

काळी माती
बोलवा, येतो. फक्त तालुक्याला ठेवा, बाजाराच्या दिवशी. नागपूर गाठायचं म्हणजे एक तोडा बुडतो.