मॉर्फिनला भ्यायचं किती?

निपाणीकर_भाचा:
आमच्या भागाला तंबाखू नवा नाही, तोंडाचा कॅन्सरही नाही. मामा बेळगावात अॅडमिट आहेत. राउंडला "दुखतंय काय?" विचारलं की ते "जरा" म्हणतात आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेवटी एका मॅडमनी शून्य ते दहात किती, असं विचारलं. मामांनी आठ बोटं दाखवली. (सिस्टर कन्नड, मामा मराठी, पण बोटं दोघांनाही कळतात.) मॉर्फिन (अफूपासून होणारं दुखण्यावरचं जबर औषध) सुचवलं तर घरातच गलका, "नशेचं औषध नको!" माझ्या मते कॅन्सरच्या असह्य दुखण्यात मॉर्फिन अडवणं हा अन्यायच. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच ते उपचाराच्या पायऱ्यांत घातलंय.

चिकोडी_मेडिकलवाला:
काउंटरवर बसून बघा की. ट्रामाडॉल, म्हणजे दुखण्यावरचीच गोळी, विनाचिठ्ठी मागणारी पोरं येतात. २०१८ ला ते अमली पदार्थ कायद्याखाली आणलं, ते उगाच नव्हे. मॉर्फिन तर त्याहून जबर.

निपाणीकर_भाचा:
चोरून खाणारी पोरं वेगळी आणि माझे मामा वेगळे, दादा. त्याच कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनं दवाखान्यांची परवान्यांची कटकटसुद्धा कमी केली. ती अशाच पेशंटांसाठी.

खानापूर_सिस्टर:
भिऊन अडवू नका आणि डोळे झाकून देऊही नका. डोस लहान सुरू करायचा. मॉर्फिनची साधी, लगेच लागू होणारी गोळी असेल तर बहुधा दर चार तासांनी, घड्याळ लावून. तासाभरानं परत आकडा विचारायचा, पडून असताना आणि कूस बदलताना, दोन्ही. श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते, म्हणून हाक मारल्यावर पेशंट नीट जागा होतो का ते बघायचं. झोपेची गोळी, दारू सोबत नको. किडनी बिघडलेली असेल तर मॉर्फिन अंगात साठतं, ते आधी सांगा. मळमळ आणि पेंग चार-सहा दिवसांत बहुतेकांची उतरते, बद्धकोष्ठ मात्र उतरत नाही, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. आणि मामांना दुखणं कसलं ते विचारा. ठणका वेगळा, आग होणं-मुंग्या वेगळ्या. नसेच्या दुखण्याला बऱ्याचदा दुसरी गोळी जोडावी लागते.

चिकोडी_मेडिकलवाला:
ताई, पटलं. पण रात्रपाळीला सगळ्या वॉर्डला एक सिस्टर असते. हाक कोण मारणार?

खानापूर_सिस्टर:
ते खरं आहे. नातेवाइकाला शिकवतो आम्ही. उठवूनही उठत नसेल तर पुढची गोळी थांबवून तडक बोलवा. उतारा म्हणून नॅलोक्सोन असतं, ते वॉर्डात आहे का हे विचारायला लाजू नका.

कागवाडचे_पाटील:
आमच्या शेजाऱ्यांच्या कंबरदुखीला थेट फेंटानिलची (मॉर्फिनच्याच जातीचं, त्याहून जबर औषध) पट्टी लावली, त्यावर हे शेक घेत बसले! उष्णतेनं औषध जास्त शिरतं म्हणे.

खानापूर_सिस्टर:
होय काका, शेक अजिबात नको. आणि ज्याला आधीपासून मॉर्फिनसारखी औषधं चालू नाहीत, त्याला ती पट्टी लावायचीच नसते. कंबरदुखीला तर आधी व्यायाम, साध्या गोळ्या.

चिकोडी_मेडिकलवाला:
मामांच्या उरलेल्या गोळ्या दवाखान्यात परत करणार, कपाटात ठेवणार नाही, एवढं भाच्यानं लिहून द्यावं. मग माझा विरोध निम्मा.