टेक्श्चर रंगवायला सबस्टन्स पेंटरच हवा का?

खडूफळा
माझी भाची पुण्यात ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थ्रीडी मॉडेलवर रंगकाम (टेक्श्चर) करायचं तर सबस्टन्स पेंटर हे सॉफ्टवेअर घ्या, बाकी सगळं हौशी लोकांचं, असं तिच्या क्लासात सांगून टाकलंय. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

माझं मत: पहिलं वर्षभर टेक्श्चरचं काम ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येच करावं. पैसे वाचतात हे खरं, पण ते मुख्य कारण नाही. पेंटरमध्ये एक स्मार्ट मटेरियल (झीज-मळासकट तयार रंगसाज) ओढून टाकलं की सगळ्या कडा आपोआप झिजतात, खाचांत मळ बसतो आणि पोरांना वाटतं, जमलं! आमच्या घरच्या तांब्याच्या बंबाचं मॉडेल भाचीने असंच रंगवलं. सगळ्या कडा सारख्याच चकाकणाऱ्या. खऱ्या बंबावर वरच्या नळकांड्याच्या तोंडाशी काजळी असते, तोटीखाली क्षारांचा पांढरा ओघळ, कड्यांपाशी हात लागून आलेली चकाकी, आणि चिंचेने घासताना हात पोचत नाही तिथे काळपट डाग. हे बघून, ठरवून, हाताने मास्क (रंग कुठे दिसावा ते ठरवणारं चित्र) काढूनच येतं.

दुसरं कारण परवान्याचं. जानेवारी २०१९ मध्ये ॲडोबीने पेंटर बनवणारी अलेगोरिद्मिक ही फ्रेंच कंपनी घेतली आणि पेंटर आता मुख्यतः भाड्याने मिळतो. त्याची प्रोजेक्ट फाईल दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. हप्ता थांबला की हातात राहतात फक्त एक्सपोर्ट केलेल्या पीएनजी. लेअर गेले.

रात्रपाळी
बंबाचं वर्णन झकास, निष्कर्ष साफ अमान्य.

मी गेम स्टुडिओत प्रॉप्सचं काम करतो. ब्लेंडरच्या टेक्श्चर पेंटमध्ये मुळात लेअरच नाहीत. थेट इमेजवर पिक्सेल रंगवायचे, बेस कलर (मूळ रंग) एका इमेजवर, रफनेस (खडबडीतपणा) दुसऱ्या, मेटॅलिक (धातूपणा) तिसऱ्या. पेंटरमध्ये ब्रशचा एकच फटकारा तिन्ही चॅनेलवर बसतो. शिवाय ब्लेंडरमध्ये ती इमेज वेगळी सेव्ह करावी लागते. नवख्यांचं काम यातच वाहून जातं.

बेकिंगचंही तेच, म्हणजे बारीक तपशिलाच्या (हाय-पॉली) मॉडेलवरचे तपशील हलक्या (लो-पॉली) मॉडेलसाठी इमेजमध्ये उतरवण्याचं. हाय-पॉली मॉडेलवरून लो-पॉलीवर नॉर्मल (उंचसखलपणा), ॲम्बियंट ऑक्लूजन (खाचांतली सावली), कर्व्हेचर (कडा-खाचा) हे सगळे मॅप पेंटर एका बटणात काढतो. ब्लेंडरमध्ये प्रत्येक मॅपला इमेज नोड निवडा, बेक करा, पुन्हा निवडा.

सर्वात मोठा मुद्दा: पेंटर तुमचा फटकारा लक्षात ठेवतो, पिक्सेल नाही. भाचीच्या साध्या लॅपटॉपवर १०२४ पिक्सेलच्या इमेजवर काम करायचं आणि शेवटी ४०९६ ला एक्सपोर्ट करायचं. रेषा नव्याने मोजल्या जातात. ब्लेंडरमध्ये १०२४ ला रंगवलेलं मोठं केलं की धुरकट.

राहिलं ते स्मार्ट मटेरियल. ते तसंच ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं? आपोआप झीज काढणाऱ्या जनरेटरवर पेंट लेअर टाका आणि नको तिथली झीज पुसा. आम्ही रोज तेच करतो.

बोरूबहाद्दर
तुम्ही दोघंही खरोखरीच्या वस्तूंबद्दलच बोलताय. मोबाईल गेममधली हाताने रंगवलेली, कार्टूनसारखी शैली असेल तर पीबीआरची (खऱ्या उजेडाच्या नियमांनी पृष्ठभाग दाखवण्याची) निम्मी यंत्रणा बिनकामाची. सावली, उजेड सगळं बेस कलरमध्येच काढायचं असतं. त्याला मी थ्रीडीकोट वापरतो. कीव्हच्या पिलग्वे कंपनीचं आहे, कायमचा परवाना विकत मिळतो आणि फक्त रंगकामापुरती ‘टेक्स्चुरा’ ही स्वस्त आवृत्तीही आहे. मेन्यू मात्र असे की, कुठे काय ठेवलंय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.

मधलीआळी
क्विक्सेल कंपनीचा टेक्श्चर बनवायचा मिक्सर फुकट आहे की! तो का नको?

रात्रपाळी
एपिक या गेम कंपनीने २०१९ च्या शेवटी क्विक्सेल घेतली, मिक्सर फुकट केला आणि पुढे त्याचं काम थांबवलं. जुनी आवृत्ती चालेल तोवर चालेल. खडूफळा, भाड्याची भीती घालताय तर याचीही घाला.

खडूफळा
घालतो ना, माझाच मुद्दा आहे तो. ब्लेंडर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यावर आहे. उद्या कोणी काही विकत घेतलं तरी आजची आवृत्ती आणि तिचा सोर्स कोड कोणी काढून नेऊ शकत नाही. लेअर हवे असतील तर युकूपेंट (Ucupaint) हे ॲडऑन फुकट मिळतं.

१०२४ चा मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धाच सांगितलात. ४०९६ चा एक आठ-बिट आरजीबीए (लाल, हिरवा, निळा, पारदर्शकता) मॅप मेमरीत न दाबता ६४ एमबी घेतो. चार-पाच चॅनेल आणि पंधरा लेअर असतील तर शेवटचा एक्सपोर्ट त्याच लॅपटॉपवर करून दाखवा.

आणि कडांची झीज ब्लेंडरमध्येही येते. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडररमध्ये जिऑमेट्री नोडचं पॉइंटिनेस (कडा-खाचा ओळखणारं) आहे. ते मेशच्या (मॉडेलच्या जाळीच्या) घनतेवर अवलंबून असतं, लो-पॉलीवर काहीच दिसत नाही, म्हणून हाय-पॉलीवरून बेक करून घ्यावं लागतं. ही खटपट एकदा केली की कर्व्हेचर मॅप म्हणजे काय ते पोरीला कळतं. पेंटरमध्ये बटण दाबून कळत नाही.

शिवणउसवी
चित्रपटवाल्यांतर्फे एक वाक्य: शंभर यूडीआयएम टाइल्सचा (टेक्श्चरच्या शंभर वेगळ्या चौकटींचा) प्राणी रंगवायची वेळ आली की तुम्ही दोघंही मारी या सॉफ्टवेअरकडे याल. वेटा डिजिटलमध्ये ‘अवतार’च्या कामासाठी ते घडलं, पुढे फाउंड्रीने बाजारात आणलं. पण दुसऱ्या वर्षाच्या मुलीला त्याची गरज नाही, हेही खरं.

रात्रपाळी
खटपट शिकण्यासाठी ठीक. पण मुलाखतीत आम्ही ‘पॉइंटिनेस’ विचारत नाही. पेंटरची फाईल उघडायला सांगतो आणि लेअरची रचना बघतो: नावं दिलीत का, अँकर पॉइंट (एका लेअरचं काम दुसऱ्यात पुन्हा वापरायची सोय) वापरलेत का, दुसऱ्याला ती फाईल पुढे नेता येईल का. टीमचं काम असं चालतं. भाचीने आधी ॲडोबीचा विद्यार्थी परवाना आपल्याला लागू होतो का ते तपासावं. नाही तर स्टीमवर त्या-त्या वर्षाची आवृत्ती एकरकमी मिळत आली आहे. पुढच्या वर्षीचे बदल मिळणार नाहीत, पण कुलूपही लागणार नाही. तुमची निम्मी तक्रार तिथेच संपते.

खडूफळा
स्टीमचा पर्याय मान्य. तरी क्रम माझाच: आधी ब्लेंडर, तिसऱ्या वर्षी पोर्टफोलिओ करताना पेंटर. बेकिंग आणि यूव्ही (मॉडेलचा पृष्ठभाग सपाट उलगडणं) समजलेल्या मुलीला पेंटर शिकायला वर्ष लागत नाही.

रात्रपाळी
मी उलट क्रम लावीन. मुलं कंटाळून सोडतात ती नेमकी बेकिंगच्या टप्प्यावर. बंबाचं मॉडेल इथे टाका, माझ्या पद्धतीने रंगवून देतो.

खडूफळा
टाकलं. हाय-पॉलीही सोबत आहे, ठोक्यांसकट.

रात्रपाळी
हे घ्या, चारही मॅप. काजळी आणि क्षाराचा ओघळ हाताने, बाकी जनरेटर.

शिवणउसवी
ओघळ सुरेख! खडूफळा, ब्लेंडरमध्ये ठोक्याचे खड्डे फोडांसारखे बाहेर आलेले दिसले तर घाबरू नका. यांनी सवयीने अनरील गेम इंजिनसाठीचा डायरेक्टएक्स पद्धतीचा नॉर्मल मॅप दिलाय, ब्लेंडरची पद्धत उलटी. हिरवा चॅनेल उलटा करा.