एफपीजीए बोर्डाचा १.२ व्होल्टचा रेल शॉर्ट: चिप काढू का?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय.

घरीच बनवलेला दोन लेयरचा बोर्ड, त्यावर एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं प्रोग्राम करता येणारी चिप), स्पार्टन-६ एलएक्स९, १४४ पायांचा. परवा लाइट गेली-आली, तेव्हापासून १.२ व्होल्टचा रेग्युलेटर चटका बसेल इतका तापतो. ३.३ ची लाइन ठीक. रेग्युलेटर काढून मोजलं, तरी कोर रेल (चिपच्या गाभ्याला १.२ व्होल्ट पुरवणारी लाइन) ते ग्राउंड १.४ ओहम (प्रोबचा ०.३ वजा करून). सोबत बनवलेल्या दुसऱ्या बोर्डावर हेच माप ६० च्या वर, म्हणजे शॉर्ट खरा आहे. बर्डीतला रिपेअरवाला बघताक्षणी म्हणाला, "भाऊ, चिप गेली."

मला पटत नाही. रेलवर अकरा सिरॅमिक कपॅसिटर आहेत, एकेक उपटत बसायचं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून बघितलं, शॉर्टची जागा तापून तिथलं आधी उडेल म्हणून, पण नवतपा सुरू आहे, खोलीत ४१ अंश! सगळीकडून एकदमच उडून जातं, काय कळणार?

शॉर्ट शोधायला बाहेरून किती करंट देऊ, म्हणजे चिप वाचेल?

उत्तर, सोल्डरभाऊ:
दुसऱ्या बोर्डाशी ताडून पाहिलंत ते उत्तम. मीटरच्या नुसत्या बझरवर जाऊ नका, मोठ्या एफपीजीएचा धडधाकट कोर रेलही काही ओहमच दाखवतो. सप्लाय १ व्होल्टवर ठेवा, करंट लिमिट ०.७ अँपिअर. या रेलची कमाल मर्यादा १.३२ आहे, नॉब चुकून फिरला तर चिप खरंच जाईल. मग मीटर २०० मिलिव्होल्टवर घ्या. लाल प्रोब सप्लायचा प्लस जिथं जोडलाय तिथं धरा, काळा एकेका कपॅसिटरच्या प्लस टोकाला. शॉर्टकडे जाल तसा आकडा वाढत जाईल, त्याच्या पलीकडे वाढायचा थांबेल. दोन लेयरचा बोर्ड आहे, ट्रॅक बारीक, त्यामुळे फरक दिसेल. अल्कोहोल लावायचंच तर पहाटे लावा.

धागाकर्ता:
सापडला! कडेच्या स्क्रूजवळच्या कपॅसिटरपाशी ९.२ मिलिव्होल्ट, बाकी सगळे ६ च्या आत. तो काढला तर रेल ६४ ओहम. भिंगाखाली बारीक चीर दिसते. लाइट जायच्या आदल्या दिवशी डबा बदलताना तोच स्क्रू मी जोर लावून आवळला होता, महावितरणला उगाच शिव्या घातल्या. नवीन रेग्युलेटर लावला, चिप कॉन्फिगर होतेय (प्रोग्राम घेतेय).

आता एवढंच सांगा, तो कपॅसिटर तिथंच पुन्हा लावू, की उरलेल्या दहांवर भागवून जागा रिकामीच सोडू?