सुई टोचून 14 तास झाले, आता काय करू?

काल रात्रपाळीत चालत्या गाडीत पेशंटला सलाईन लावत होतो. गचका बसला आणि शिरेतून काढलेली सुई हातमोज्यातून थेट डाव्या अंगठ्यात गेली. पेशंट दवाखान्यात उतरवेपर्यंत अंगठा दाबून रक्त काढत राहिलो, मग साबणाने धुतलं. हेपॅटायटिस बीच्या लसीचे दोनच डोस झालेत. सोबतचे म्हणतात, काही होत नाही. घरी सात महिन्यांची मुलगी आहे, तिला उचलून घ्यायलाही हात धजत नाहीये.

उत्तर 1
दादा, आधी उठा आणि कॅज्युअल्टीत जा. बाकीचं नंतर वाचा.

उत्तर 2
मी 19 वर्षं रुग्णवाहिकेवर आहे, मलाही एकदा टोचलीय. एचआयव्हीची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, पण ती शेवटची मुदत आहे. जितकं लवकर तितकं चांगलं. सुरू केलीत तर 28 दिवस पूर्ण घ्या. मला पहिला आठवडाभर मळमळ होती, तरी एकही गोळी चुकवली नाही.

खरी काळजी हेपॅटायटिस बीची करा. पेशंटला एचआयव्ही असला तरी एका टोचण्याने लागण होण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के असते. लस न घेतलेल्याला बीची मात्र 6 ते 30 टक्के. तुमचा तिसरा डोस राहिलाय हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पेशंट पॉझिटिव्ह निघाला तर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन शक्यतो 24 तासांत हवं. त्याच्या संमतीने त्याचं रक्त तपासायला सांगा, तुमचंही आजच द्या. हेपॅटायटिस सी साठी असं आधी घ्यायचं औषध नाही, म्हणून पुढच्या तपासण्या टाळू नका. आणि घटनेची लेखी नोंद कराच.

पुन्हा कधी टोचली तर जखम पिळू नका, नुसती साबण-पाण्याने धुवा.

मुलीला खुशाल कुशीत घ्या, त्याने काही पसरत नाही. रिपोर्ट येईपर्यंत निरोध वापरा, रक्तदान करू नका.

उत्तर 3
आमच्या गाडीत सुयांचा डबा मागच्या कपाटात होता. उघडी सुई हातात धरून तिथवर जावं लागायचं. आता तो स्ट्रेचरच्या कडेला, बसल्या जागी हात पोचेल असा लावलाय, आणि तीन चतुर्थांश भरला की बदलतो. सुई टोचायची वेळ आली की ड्रायव्हरला हाक मारून गाडी कडेला घेतो. अर्ध्या मिनिटाचं काम असतं.

प्रश्नकर्ता
जाऊन आलो. पहिली गोळी घेतली, रक्त दिलं, तिसरा डोसही आजच मिळाला. पेशंटचा हेपॅटायटिस बीचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, बाकीचे यायचे आहेत. मुलगी आत्ता खांद्यावर झोपलीय.