'जस्टिस'मधला बास: हात लावायचा की नाही?

उलटी_टेप

परवा मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बमवरून एका मित्राशी चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, १९८८ पासून हा अल्बम अर्धवटच आहे, मूळ ट्रॅक (प्रत्येक वाद्याचं सुटं ध्वनिमुद्रण) घेऊन बास, म्हणजे खर्जातली गिटार, वर करावा आणि पुन्हा मिक्स करावा, म्हणजे सगळे आवाज नव्याने जुळवावेत. माझं म्हणणं, अजिबात हात लावू नये. तिथे निकाल लागला नाही, म्हणून इथे आणतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये दौऱ्याची बस उलटली आणि बासवादक क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. त्याच्यासोबतचा पहिला पूर्ण अल्बम म्हणजे हा. १९८८ च्या पहिल्या काही महिन्यांत लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं, निर्माता फ्लेमिंग रासमुसेन. ९ गाणी, ६५ मिनिटं. आणि बास? शोधा म्हणजे सापडेल. बहुधा नाहीच सापडणार.

माझं मत: हा आवाज कोरडाठाक आहे म्हणूनच तो तो आहे. 'ब्लॅकन्ड' सुरू होताना उलट्या फिरवलेल्या गिटार लांबून जवळ येतात आणि एकदम पहिला घाव बसतो. त्या घावाखाली उबदार बास घातलात की तो घाव राहत नाही, ढकलणं होतं. न्याय विकला गेला, युद्धात माणसाचं नुसतं धड उरलं, पृथ्वी जळून काळी पडली, असे एकेक विषय. त्यांना साजेसा आवाज मुद्दाम निवडलाय, गुबगुबीत शोभला नसता. हाडं दिसतात तेच बरं.

खर्जप्रेमी

पहिला परिच्छेद वाचून वाटलं चर्चा होणार, तिसऱ्यात तुम्ही आरतीच सुरू केलीत.

'हाडं दिसतात' वगैरे आपण नंतर चिकटवलेले अर्थ. झालं काय ते बघा. मिक्सिंग केलं स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकल बार्बिएरो यांनी, न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिलला. थॉम्पसनने नंतर मुलाखतीत सांगितलंय की बँडचा ड्रमर लार्स उल्रिकने बास जेमतेम ऐकू येईल इतका खाली आणायला लावला, आणि तो आणल्यावर आणखी ५-६ डेसिबल खाली घ्यायला सांगितला. जेमतेम ऐकू येणाऱ्यातून ६ डेसिबल म्हणजे उरलेल्याचाही निम्मा. ही कला म्हणायची का? ड्रमरला स्वतःचे ड्रम ऐकायचे होते, बास!

(श्लेष नकळत झाला, राहू द्या.)

आणि नव्या माणसाला पहिली काही वर्षं कसं वागवलं याचे किस्से बँडनेच सांगितलेत. मित्र गेल्याचं दुःख होतं, मान्य. पण त्याची वसुली दुसऱ्याच पोराकडून?

डबलकिक

दोघांचंही थोडं थोडं खरं, पण मूळ भानगड तांत्रिक आहे.

गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते, बासची ४१ ला. बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डचा गिटारचा आवाज बघा: मधला भाग कापलेला, खालचा फुगवलेला, तळहात तारेवर दाबून वाजवलेला. म्हणजे १०० च्या आसपास, जिथे बासचं अंग भरतं, तिथे आधीच गिटारने सतरंजी अंथरलीय. वर किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) आवाज टाइपरायटरसारखा: टक टक टक. बासचा जो टोकदार आवाज गर्दीतून वाट काढतो ती जागाही गेली. त्यात न्यूस्टेड बहुतेक ठिकाणी गिटारचीच ओळ सुरास सूर धरून वाजवतो. तो बसणार कुठे?

बर्टनची रीत वेगळी होती, तो गिटारच्या भोवती फिरायचा. न्यूस्टेड आपली साधनं घेऊन आला, सहायक अभियंत्यासोबत वाजवून गेला. हेटफिल्ड, उल्रिक कोणी तिथे नव्हते. 'इथे गिटार सोड, खाली जा' असं सांगायला कोणीतरी हवं होतं. माझ्या मते खरी चूक तिथे झाली, मिक्सिंगच्या टेबलावर नंतर.

जुनीरेकॉर्ड

एक मुद्दा राहिला. रेकॉर्डवर बास जास्त असला की खाच रुंद लागते आणि वेळ कमी मावतो. ६५ मिनिटं बसवायची म्हणून बास कापला असेल.

खर्जप्रेमी

@जुनीरेकॉर्ड, अहो पण तो दोन रेकॉर्डवर आला ना! चार बाजू, एकेका बाजूला १६-१७ मिनिटं. एवढ्यात वाट्टेल तेवढा बास मावतो. ही सबब बाद.

@डबलकिक, माहितीबद्दल आभार, पण तुम्ही गुन्हेगाराला फार सहज सोडताय. रासमुसेन म्हणतो की न्यूस्टेडचे ट्रॅक उत्तम होते, त्याने ते ऐकलेत. मिक्सिंगला तो नव्हता. ट्रॅक चांगला, वादक चांगला, मग टेबलावरच गेला की!

उलटी_टेप

टेबलावर गेला हे मीही नाकारत नाही. फक्त 'गेला' म्हणजे 'चोरीला गेला' असं मानत नाही. तबल्याच्या जोडीतला डग्गा बाजूला ठेवून कोणी नुसत्या चाटीवर ठेका धरला तर तो कोरडा वाटेल, पण वेगळं काही ऐकू येईलच.

खर्जप्रेमी

डग्गा बाजूला ठेवलाय हे डग्गा वाजवणाऱ्याला आधी सांगतात हो. इथे त्याने मन लावून वाजवला आणि अल्बम आल्यावर कळलं. न्यूस्टेड स्वतः संतापला होता. 'ब्लॅकन्ड'च्या रचनेत त्याचंही नाव आहे, आणि त्यातच तो ऐकू येत नाही!

सहज_डोकावले

मला रॉकमधलं फार कळत नाही, पण एक शंका. इतका वाईट होता तर चालला कसा?

डबलकिक

चालला म्हणजे जोरात. आधीचा अल्बम अमेरिकेच्या यादीत २९ पर्यंत गेला होता, हा ६ वर. रेडिओ त्यांना फारसा विचारत नव्हता त्या काळात. याच अल्बममधल्या 'वन' गाण्यासाठी त्यांनी पहिल्यांदा व्हिडिओ केला. मग १९८९ च्या ग्रॅमीचा तो प्रसिद्ध विनोद: हार्ड रॉक आणि मेटलचं बक्षीस जेथ्रो टल या बासरीवाल्या बँडला! मेटॅलिकाने अल्बमवर चक्क 'ग्रॅमी हरलेले' असा स्टिकर लावला. पुढच्या वर्षी 'वन'ला मिळालं.

'वन'च्या उत्तरार्धात किक मशिनगनसारखी धडधडते. तिथे बास असता तर ती इतकी सुटी ऐकू आली नसती, हे खर्जप्रेमींनीही मान्य करावं.

खर्जप्रेमी

'वन'पुरतं मान्य. बाकी आठ गाण्यांचं काय? शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं आहे. बास असता तर त्यातली निम्मी वळणं चढ-उतारासारखी जाणवली असती, आता सपाट रस्त्यावरचे खांब मोजल्यासारखं होतं. तो दौरा संपल्यावर बँडनेही ते मंचावर वाजवणं कितीतरी वर्षं बंद ठेवलं. १९९१ च्या पुढच्या अल्बमला, ज्याला 'ब्लॅक अल्बम' म्हणतात, निर्माता म्हणून बॉब रॉकला बोलावलं आणि पहिल्यांदा न्यूस्टेड भरभरून ऐकू आला. तेव्हा हे बरोबर नव्हतं हे त्यांनाही कळलं होतंच की. हेटफिल्डने नंतर सांगितलंय, दौऱ्यामुळे कान बधिर झाले होते, म्हणून वरच्या पट्टीचा आवाज वाढवत गेले. थकलेल्या कानांनी घेतलेल्या निर्णयाची पूजा कशाला?

उलटी_टेप

कान थकले होते हे पटतं. 'विषयाला साजेसा आवाज मुद्दाम निवडला' हे माझं वाक्य मी मागे घेतो. तसा पुरावा माझ्याकडे नाही.

पण दुरुस्ती करू नये हे मागे घेत नाही. २००९ मध्ये मेटॅलिकाच्या गाण्यांवरचा गिटारचा व्हिडिओ गेम आला, त्यातून गाण्यांचे सुटे ट्रॅक बाहेर पडले आणि चाहत्यांनी बास वर केलेल्या आवृत्त्या केल्या. मी हेडफोन लावून ऐकल्यात. ऐकताना मजा येते, दोनदा. तिसऱ्यांदा हात मूळ अल्बमकडेच जातो. २०१८ च्या नव्या आवृत्तीत बँडनेही मिक्स तसाच ठेवला, इतिहास का बदलायचा असं हेटफिल्डचं म्हणणं. तेव्हा फक्त रिमास्टर झालं, म्हणजे तयार मिश्रणालाच झिलई. खारट झालेली आमटी नव्या वाटीत.

खर्जप्रेमी

आमटी खारट आहे हे कबूल केल्याबद्दल आभार. मग दोन्ही आवृत्त्या एकत्र द्या की. जुनी ज्याला हवी त्याला जुनी.

चारतारा

उशिरा आलो. मी बास वाजवतो, म्हणून गप्प राहवेना.

आम्ही चौघांनी 'ब्लॅकन्ड' बसवायला घेतलं. महिनाभर बोटांची सालं काढून ती ओळ बसवली. पहिल्या तालमीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं, ऐकलं, तर मी कुठेच नाही! अँप वाढवला, तरी नाही. डबलकिक म्हणतात तसंच, गिटारने मधला भाग शून्यावर आणि खालचा दहावर ठेवला होता. त्याला म्हटलं, बाबा रे, मधला जरा वाढव, खालचा कमी कर, मलाही जगू दे.

तो म्हणाला, कशाला, अगदी अल्बमसारखं वाजतंय.