भाच्याची उंची फार झपाट्याने वाढते आहे. हा आनुवंशिक दोष असू शकेल का?

प्रश्न
माझा भाचा १४ वर्षांचा असून आमच्या पेठेतील तालमीत जातो. वर्षभरात तो १४ सेंटिमीटर वाढून ६ फूट २ इंच झाला आहे. वस्तादांना त्याच्या हाडापेराचे कौतुक वाटते. परंतु चप्पल लाइनमधील आमचे नेहमीचे कारागीर कागदावर त्याचे पाऊल रेखाटताना थबकले आणि वर्षातले हे तिसरे माप असल्याचे त्यांनी माझ्या बहिणीला दाखवले. त्याचे डोकेही वारंवार दुखते. दोन्ही घराण्यांत साडेपाच फुटांवर कोणी नाही.

उत्तर १
नुसती उंची हा आजार नव्हे. येथे काळजी आहे ती वेगाची. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत गाठ होऊन वाढीचे संप्रेरक जास्त स्रवू लागले, की यकृतातून आयजीएफ-१ हे वाढीला चालना देणारे द्रव्य जास्त येते आणि लांब हाडांच्या टोकांजवळील कूर्चेचे पट्टे भराभर नवे हाड घडवीत राहतात. वयात आल्यावर हे पट्टे बुजतात. त्यानंतर हाच विकार जडला तर उंची न वाढता हात, पाय आणि जबडा रुंदावतात. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते, एवढे बहिणीला आवर्जून सांगा.

उत्तर २
घराण्यात कोणी उंच नाही, यावरून आनुवंशिकता नाकारता येत नाही. अशी गाठ होण्याचा धोका वाढवणारा, ११व्या गुणसूत्रावरील एआयपी जनुकातील दोष असणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, म्हणून तो पिढ्यान्पिढ्या गुपचूप उतरत राहतो. लंडनमध्ये १७८३ साली अवघ्या २२व्या वर्षी वारलेल्या चार्ल्स बर्न या अतिउंच आयरिश तरुणाच्या दातांतील डीएनएमध्ये असा दोष आढळल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. उत्तर आयर्लंडमधील आजच्या काही कुटुंबांतही नेमका तोच दोष आहे. एक्स गुणसूत्रावरील जीपीआर१०१ जनुकाच्या जादा प्रतीमुळे होणारा प्रकार मात्र बहुधा तान्हेपणीच दिसू लागतो, त्यामुळे तुमच्या भाच्याबाबत त्याची शक्यता मला कमी वाटते.

प्रश्नकर्ता
आज त्याला विचारले असता, कुस्ती खेळताना बाजूने आलेला हात उशिरा दिसतो, असे तो म्हणाला.

उत्तर १
मग थांबू नका. गाठ वर सरकून दृष्टीच्या नसांवर दाब आणते, तेव्हा आधी कडेचे दिसणे कमी होते. अंतःस्रावतज्ज्ञांकडे याच आठवड्यात न्या. आयजीएफ-१ची रक्ततपासणी, ग्लुकोज पाजून केलेली संप्रेरकाची तपासणी, एमआरआय आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी ते सांगतील. गाठ निघाल्यास ती बहुधा नाकावाटे काढता येते. शाळेतील उंचीच्या नोंदी आणि चपलांच्या मापांचे ते तिन्ही कागद सोबत ठेवा.