हस्तकला, अल्झायमर आणि आपली माणसं: तुमचे अनुभव लिहा

निळीशाई

काल माळा आवरताना आईची विणकामाची पिशवी सापडली. आत एक लांबच लांब पट्टी. सुरुवातीला टाके एकसारखे, मग पट्टी मध्येच रुंद होते, मग निमुळती, कुठे टाके गळलेले. रंगांचं तर विचारूच नका. आईला अल्झायमर होता आणि शेवटची वर्षं ती वृद्धाश्रमात होती. माझं नाव तिच्या लक्षात राहिनासं झालं होतं. पण सुया हातात दिल्या की अंगठ्याने लोकर पुढे सारून टाके घालायला लागायची. उलट टाका आधी गेला, सुलट मात्र शेवटपर्यंत टिकला.

ती पट्टी म्हणजे धड मफलर नाही, धड शाल नाही. "काय विणताय?" असं कुणी विचारलं की आई गडबडून जायची. "रंग छान आहे हो" म्हटलं की खुलायची. या एका वाक्याच्या फरकाने तिची सगळी सकाळ बदलायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुमच्या घरी किंवा तुम्ही काम करता तिथे हातांना काय दिलंत? काय जमलं, काय नाही? सविस्तर लिहा, तुटक लिहा, कसंही चालेल.

पाऊलवाट

बाबा. सुतारकामाची हौस आयुष्यभर. करवत, रंधा उचलून ठेवावे लागले तेव्हा घरभर शोधत फिरायचे, चिडायचे. मग मऊ लाकडाचा ठोकळा आणि पॉलिश पेपर दिला. घासायचे, मध्येच थांबून फुंकर मारायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे. ठोकळा डोळ्यांसमोर आडवा धरायचा, एक डोळा मिटून बघायचं आणि परत घासायचं. अगदी पूर्वीसारखं. बोलणं जवळजवळ थांबलं होतं, पण एकदा ठोकळा माझ्या हातात देऊन म्हणाले, "अजून खरखर आहे इथे." आणि खरंच होती!

भुसा नाकातोंडात जाऊ नये म्हणून उघड्या खिडकीजवळ बसवायचो.

सायंतारा

😢 पाऊलवाट, "अजून खरखर आहे इथे" वाचून डोळे भरले. सासूबाईंबद्दल लिहायचंय, दाराची बेल वाजतेय, येते.

चांदणचुरा

नर्सिंगमध्ये आहे म्हणून थोडं सांगते. नव्या आठवणी साठवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस लागतो आणि अल्झायमरमध्ये त्यालाच लवकर धक्का बसतो. विणणं, घासणं, घड्या घालणं ही हातात मुरलेली कामं मात्र मेंदूच्या दुसऱ्या भागांवर चालतात, त्यामुळे बऱ्याच जणांत ती उशिरापर्यंत टिकतात. म्हणून नवीन काही शिकवण्याआधी विचारा, की या माणसाच्या हाताला आयुष्यभर कशाची सवय होती? ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांना भरतकाम देऊन दोघांनाही त्रासच.

वेळही बघा. पुष्कळ रुग्णांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते. सकाळी अंघोळ-नाश्ता झाल्यावर बसवा, वीस-पंचवीस मिनिटं पुरे. चुळबुळ सुरू झाली की थांबायचं, "एवढं पूर्ण करा" म्हणायचं नाही. यातून आजार बरा होत नाही, तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दिवस चांगला जातो, आणि माझ्या मते ते खूप आहे.

गवतफूल

वृद्धाश्रमात काम करते. आधी जिथे होते तिथे हस्तकला म्हणजे पाहुणे यायच्या दिवशी टेबलावर रंग मांडायचे, फोटो काढायचे, पाहुणे गेले की सगळं परत कपाटात. आजी-आजोबांच्या हातात लहान मुलांची कार्टूनची रंगवही. एक आजी, निवृत्त मुख्याध्यापिका, वही सरकवून उठून गेल्या. सगळे म्हणाले, "सहकार्य करत नाहीत." मला अजून राग येतो त्या शब्दाचा. त्यांना आपला अपमान कळला होता, इतकंच.

आता जिथे आहे तिथे पानं, फुलं, पक्षी अशी साधीच पण मोठ्यांना शोभतील अशी चित्रं, बाह्यरेषा जाड. पाचसहा जणांचा गट. एक आजोबा कधीच रंगवत नाहीत, पण ब्रश वाटतात आणि गोळा करतात. त्यांचं काम ते. कुणी मध्ये पडलं तर रागावतात 🙂 आणि नुसत्या बघत बसणाऱ्यांनाही आम्ही उठवत नाही. बघणं हाही सहभागच धरतो.

निळीशाई

गवतफूल, ब्रश वाटणारे आजोबा फार आवडले!

झाडाखाली

वाचतोय. आमच्या मामांना नुकतंच निदान झालंय. हिशेबनीस होते, कलेशी काही संबंध नाही. काय देऊ?

चांदणचुरा

@झाडाखाली कला नको असेल तर नका देऊ. आखीव वह्या, पावत्यांच्या आकाराचे कागद, क्लिपा, शिक्का आणि शाईचा पॅड. लावू देत, शिक्के मारू देत. कॅमेरॉन कॅम्प या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात माँटेसरी पद्धत (लहान मुलांना हाताने काम करत शिकवण्याची) डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वापरायला सुरुवात केली. त्यातलं घेण्यासारखं म्हणजे काम खरं वाटणारं हवं, पायऱ्या छोट्या हव्यात, आणि तोंडाने सांगण्यापेक्षा करून दाखवायचं. सूचना एका वेळी एकच. "कागद घ्या, घडी घाला, शिक्का मारा" असं एका दमात म्हटलं की पहिलं ऐकेपर्यंत तिसरं हरवतं.

झाडाखाली

शिक्का! हे डोक्यातच आलं नव्हतं. मामा टेबलावर बोट आपटत असतात दिवसभर. आजच आणतो.

सायंतारा

आले. सासूबाई विणतात आणि मी रात्री ते उसवून लोकरीचा गुंडा करून ठेवते. सकाळी त्या पुन्हा सुरू करतात, आनंदाने. लोकर किती आणणार? नणंदेला हे पटत नाही, तिच्या मते ही फसवणूक आहे. तुम्हाला काय वाटतं?

पाऊलवाट

मला नाही वाटत फसवणूक. त्यांना विणायचं असतं, स्वेटर हवा असतो असं नाही.

मोरपिशी

मला वाटते. माफ करा सायंतारा, तुमची मेहनत दिसतेय. पण एखाद्या सकाळी त्यांना आठवलं तर? माझ्या आजीला अधूनमधून स्वच्छ आठवायचं. काल शिवलेला तुकडा मागायची, उशीखाली शोधायची. नाही मिळाला की "चोरलं कुणीतरी", आणि मग दिवसभर संशय. आम्ही तुकडे डब्यात ठेवायचो, मागितला की काढून द्यायचा.

सायंतारा

हं, संशयाचं खरंय. आमच्याकडे पैशांवरून होतं ते. मग चालू पट्टी ठेवते आणि फक्त जुन्या उसवते. नणंदही शांत होईल 😄

निळीशाई

पट्ट्या जोडून मांडीवर घ्यायची चादर करता येते. त्यावर मोठी चेन, वेल्क्रो, मखमलीचा तुकडा, जाड नाडी असं घट्ट शिवून टाका. ज्यांचे हात सतत कपड्यांशी चाळा करतात त्यांना फार बरं पडतं. विणकाम सुटल्यावर आईला तेच दिलं होतं. चेन वरखाली करत बसायची.

कवडसा

बटणं मात्र नको हं. किंवा ओढून बघून बघून शिवा. आमच्या काकू बटणं रंगांप्रमाणे वेगळी करायच्या, छान चाललं होतं, आणि एक दिवस तोंडात काहीतरी. आजार वाढला की वस्तू तोंडात घालायची सवय लागू शकते. मणी, मोती, बटणं सगळं हलवलं. मुठीत मावणार नाहीत एवढे लोकरीचे गुंडे दिले, तेही रंगांप्रमाणे टोपल्यांत टाकायच्या. रंगसुद्धा बिनविषारीच घ्या. ब्रश बुडवायचं पाणी कपात ठेवू नका, पिऊन टाकतात.

रेघोट्या

चित्रकला शिकवते. विल्यम उटरमोलेन या चित्रकाराबद्दल सांगावंसं वाटतं. १९९५ साली त्यांना अल्झायमरचं निदान झालं आणि नंतर काही वर्षं ते स्वतःच्याच चेहऱ्याची चित्रं रंगवत राहिले. ती चित्रं ओळीने बघितली की बारकावे जाताना दिसतात, चेहरा विसकटत जातो. पण रंगवणं थांबलं नाही. मी ती पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही. लोक त्यात फक्त ऱ्हास बघतात, मला त्यात रोज ब्रश उचलणारा माणूस दिसतो.

आता कामाचं. पांढऱ्या टेबलावर पांढरा कागद ठेवू नका. या आजारात रंगांतला फरक ओळखणं कठीण होतं, कागद दिसतच नाही. खाली गडद, एकरंगी कापड घाला. फुलाफुलांचं नको, फुलं खरी समजून वेचायला जातात.

गवतफूल

अगदी! आमच्याकडे एक आजी टेबलक्लॉथवरची पानं नखाने काढत होत्या. साधं कापड घातलं आणि थांबलं.

मोरपिशी

रेघोट्या, ते पाण्याने रंगवायचे कागद असतात ना, ओला ब्रश फिरवला की चित्र उमटतं आणि वाळलं की जातं, ते कसे वाटतात? आता बाबांसाठी विचारतेय 😔

रेघोट्या

छान आहेत. चुकण्याची भीती नाही, कपडे खराब होत नाहीत, तोच कागद पुन्हा वापरता येतो. ते मिळाले नाहीत तर काळी पाटी आणि पाणी. बाबांची पकड कशी आहे?

मोरपिशी

सैल झालीय. ब्रश निसटतो आणि मग वैतागून ढकलून देतात.

रेघोट्या

मग दांडी जाड करा. कापडाची पट्टी गुंडाळायची आणि वर रबरबँड.

कवडसा

रबरबँड नको, सोडवून तोंडात जाईल. चिकटपट्टी लावा, टोक नीट दाबून.

मोरपिशी

बरं, चिकटपट्टी. घरात आहे.